रत्नागिरी परिसरातील दैनंदिन आहार आणि वजन घटविण्याचा प्रश्न : एक विवेचन

प्रस्तावना

कोकणी माणूस म्हटला की काटक, सडपातळ, चढउतारावर झपाझप चालणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. त्यामुळे रत्नागिरीसारख्या ठिकाणी लठ्ठपणाविषयी लिहिणे काहींना अनावश्यक वाटण्याची शक्यता आहे. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आकडेवारी वेगळे चित्र दाखविते. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि १९ टक्के पुरुष अतिवजनी अथवा लठ्ठ होते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि सुमारे २३ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या घरात असल्याचे आढळले. आपल्या स्टाफरूममध्ये दुपारच्या डब्याआधी गोळी घेणारे हात किती, हे ज्याने त्याने पाहावे.

प्रस्तुत लेखिका आहारतज्ज्ञ नाही. समाजशास्त्राची अध्यापक आहे. एम.फिल.च्या निमित्ताने रत्नागिरी तालुक्यातील काही गावांत स्त्रियांच्या श्रमाविषयी माहिती गोळा करीत असताना स्वयंपाकघरात बसूनच बहुतेक मुलाखती झाल्या आणि या विषयाकडे लक्ष वेधले गेले. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. लेखिकेच्या आईला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा तिचे वजन ५४ किलो होते. 'जाड नसताना साखर कशी?' हा तिचा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

बारीक माणसाची चरबी

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्यात मिळाले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजेच किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, अगदी सारखा, २२.३ इतका होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरले. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण मातांच्या अभ्यासात हेच लक्षण जन्मतःच आढळले होते. तेथील बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो, मात्र पुण्याच्या बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पाश्चात्त्य मोजपट्टी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानावा, तसेच कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सुचविले आहे. दुसरी, केवळ काट्यावरचा आकडा खाली आणणे हे उद्दिष्ट अपुरे आहे. वजन घटताना चरबीऐवजी स्नायू घटले, तर मुळातच स्नायू कमी असलेल्या शरीराचा तोटाच होतो. उपाशी राहून महिन्याभरात आठ-दहा किलो कमी करण्याच्या प्रयोगांना विरोध करावयाचा तो याच कारणासाठी.

ताट तेच, श्रम निराळे

कोकणच्या आहारावर 'भातखाऊ' असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः भात हा त्या श्रमाचा आहार होता. चिखलणी, लावणी, डोक्यावरून कवळाचे भारे आणणे, घाटी चढून पाणी भरणे ही कामे ज्या देहाला करावी लागत, त्याला सकाळी पेज, दुपारी भात आणि रात्री पुन्हा भात जड जात नसे. आज अनेक घरांत पाणी नळाने येते, दळण गिरणीत होते, बाजारात जावयाचे तर दारात दुचाकी आहे. अध्यापकाची गोष्ट तर विचारावयासच नको. तास उभ्याने घेतला एवढाच काय तो व्यायाम. श्रम निघून गेले, ताटातील भाताची मूद मात्र आजोबांच्या मापाची राहिली. लेखिकेच्या मते आपल्या भागातील वजनवाढीचे हे मुख्य स्पष्टीकरण होय. भात 'वाईट' आहे, हे नव्हे.

दुसरा बदल ताटातून जे नाहीसे झाले त्याचा आहे. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, कडवे वाल, पावटे, परसातील भाज्या यांची जागा आकुंचित झाली. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने. पांढऱ्या तांदळात प्रथिने ७ ते ८ ग्रॅमच असतात. उकड्या तांदळाची पेज हाही विचार करण्याजोगा पदार्थ आहे. तांदूळ उकडून मग सडल्याने साळीच्या कोंड्यातील ब जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात उतरतो, आणि पन्नास ग्रॅम तांदळाची भरपूर पाण्यातील पेज पोट भरते ती थोडक्या उष्मांकांत. हे 'गरिबाचे खाणे' म्हणून आपणच टाकून दिले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा नाचणीवर चर्चासत्रे झाली. चर्चासत्रांच्या चहापानाला बहुधा बिस्किटेच होती.

बेरीज-वजाबाकी

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० उष्मांक. हा हिशेब लक्षात ठेवून रोजच्या व्यवहारातील तीनच गोष्टी तपासून पाहू.

पहिली गोष्ट चहा. दिवसाचे पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरल्यास ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० उष्मांक होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूत्रांत वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २० ते २५ ग्रॅम सांगितली आहे. चहा न सोडता प्रत्येक कपात एकच चमचा साखर घेतली, तरी १०० उष्मांक वाचतात. दुसरी गोष्ट तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम पडते. ते २८ ग्रॅमवर आणले की आणखी ९० उष्मांक. तेलाचा डबा किती दिवस पुरला याची तारीख डब्यावरच लिहून ठेवणे, ही गावातील एका गृहिणीची युक्ती कोणत्याही उपकरणापेक्षा सरस आहे. तिसरी गोष्ट रात्रीचा भात. ५० ग्रॅम कच्च्या तांदळाइतका भात कमी केला की सुमारे १७५ उष्मांक. एकूण बचत ३६५ उष्मांकांची, म्हणजे महिन्याला साधारण १.४ किलो.

हा वेग कायम राहत नाही, हेही सांगितले पाहिजे. देह हलका होतो तसतशी त्याची गरजही घटते. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणिती प्रतिमानाच्या आधारे दाखविले की, ही सरळ वजाबाकी दीर्घकाळाचे अनुमान फार आशावादी करते. तीन-चार महिन्यांनी काटा थबकला की 'माझ्या प्रकृतीला काहीच लागू पडत नाही' म्हणून लोक सोडून देतात. वास्तविक ती अपेक्षित अवस्था असते. तेथे धीर धरणे आणि चालणे वाढविणे हाच मार्ग आहे.

भाताची जी जागा रिकामी होते ती कशाने भरावयाची, हे ठरविले नाही तर रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा उघडला जातो. आपल्याकडे याचे उत्तर मासळीत आहे. शंभर ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. तोच बांगडा रव्यात घोळून तेलात तळला की हिशेब बिघडतो. तिखलेयात अथवा आमटीत तो बिघडत नाही. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असताना सुक्या मासळीवर भागविले जाते, मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी तिच्यातील मिठाचा विचार करावा. शाकाहारी घरांत मोड आलेली मटकी, कुळीथ, वाल, ताक आणि पालेभाजी यांनी तेच साधते. खोबऱ्याविषयी मात्र आपण हळवे आहोत. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे चारशेहून अधिक उष्मांक असतात, त्यामुळे वाटणाचे खोबरे अर्ध्यावर आणणे आवश्यक ठरते. चव बदलते, हे खरे आहे.

आंबा, कोकम आणि उपवास

मे महिन्यात वजन कमी करण्याचा विषय रत्नागिरीत काढणे धाडसाचे आहे. पिकलेल्या आंब्यात १०० ग्रॅममागे ६० ते ७५ उष्मांक असतात, म्हणजे तो मुळात जड पदार्थ नव्हे. जड होतो तो साखर घातलेला आमरस आणि त्याबरोबरच्या पुऱ्या. हापूस जेवणावर नव्हे, जेवणातील भाताच्या वा पोळीच्या बदल्यात खावा.

कोकमाची गोष्ट अधिक बोधक आहे. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते आणि तेच चरबी 'जाळते' असे सांगून गोळ्या विकल्या जातात. कोकमाच्याच कुळातील एका फळाच्या या अर्काची चाचणी अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे घेण्यात आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अर्क घेणारे आणि निव्वळ बनावट गोळी घेणारे यांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. आमसूल घालावे ते चवीसाठी. बाटलीतले अमृत कोकम तर साखरेच्या पाकातच असते.

उपवासाबाबतही भ्रम आहे. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम शेंगदाणे आणि १५ ग्रॅम तूप यांची खिचडी पाचशेहून अधिक उष्मांकांची होते आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. उपवासाच्या दिवशी एरवीपेक्षा जास्त खाल्ले जाते, ही आपल्या घराघरांतील उघड गुपिताची बाब आहे.

दोन वेळा की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात गेल्या दशकात या प्रश्नावर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच कोणत्या आहारविषयावर झाला असेल. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे अशी योजना मांडली. प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन स्रवते, ते वारंवार स्रवू नये, हा तिचा आधार. याउलट ऋजुता दिवेकर यांनी २००९ मधील आपल्या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकात थोडे थोडे, दर दोन तासांनी खाण्याचा सल्ला दिला होता.

एकूण उष्मांक सारखे असतील तर वेळापत्रकाने फारसा फरक पडत नाही, असे उपलब्ध पुराव्यांवरून दिसते. चीनमध्ये १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उष्मांक मोजून कमी खाणारे आणि तेवढेच उष्मांक सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत घेणारे, यांच्या वजनघटीत लक्षणीय अंतर पडले नाही. मग दोन वेळांच्या योजनेने अनेकांचे वजन का घटले? मधला चहा, बिस्किटे, वडा आणि वाढदिवसाचा केक आपोआप थांबल्याने, असे लेखिकेला वाटते. ज्याला ती शिस्त मानवते त्याने ती जरूर पाळावी. मात्र इन्शुलिन वा रक्तशर्करा घटविणारी काही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणांत दीर्घ अंतर ठेवल्यास साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तर या वाटेस जाऊच नये.

किती घटले म्हणजे पुरे?

अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात वजन ७ टक्क्यांनी घटविण्याचे आणि आठवड्यात १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट होते. २००२ मधील निष्कर्षांनुसार त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलोही नव्हे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील भारतीय अभ्यासाचे महत्त्व आपल्यासाठी आणखी अधिक आहे. त्यात आहार आणि हालचाल सुधारलेल्या गटाचे वजन लक्षणीय घटले नाही, तरीही मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला. काटा हलला नाही म्हणून प्रयत्न वाया गेला, असे मानण्याचे कारण नाही.

एक बाब मात्र गणिताबाहेरची आहे. मुलाखतींतील बहुतेक स्त्रिया सर्वांचे झाल्यावर जेवत. उरलेला भात टाकवत नाही म्हणून तो त्यांच्या पोटात जाई. मासळीचा तुकडा मात्र तोवर संपलेला असे. म्हणजे वाढत्या वयात त्यांच्या वाट्याला कर्बोदके अधिक आणि प्रथिने कमी, हे घराच्या रचनेतूनच ठरत होते. अशा स्त्रीला 'भात कमी करा' एवढेच सांगणे निरर्थक आहे. तिच्या ताटात काय आणि केव्हा वाढले जाते, हा प्रश्न घरातील इतरांनाही विचारावा लागतो. लेखिकेच्या घरी आता आईचे ताट पहिल्या पंगतीला मांडले जाते. पहिले काही आठवडे ती संकोचाने अर्धवट जेवूनच उठत असे. आता स्वतःहून मधला तुकडा मागून घेते.