शेवटच्या पानावरचा मामा

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, ‘मुलांसाठीच्या भीतीच्या आणि रहस्याच्या गोष्टी’, आणि वर बजावलं, ‘सगळ्यांचा उल्लेख यायला हवा हं!’ सगळ्यांचा येणार नाही. ज्यांनी मला लहानपणी रात्री एकट्याने मोरीपर्यंत जाऊ दिलं नाही, त्यांचाच येईल.

तेव्हा सुरुवातीचा काळ झटपट उरकतो. वासुदेव गोविंद आपट्यांनी 1906 साली ‘आनंद’ मासिक काढलं, ते काम थोरच. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मराठी बालवाङ्मयातला राक्षस म्हणजे बोधाचा पगारी नोकर होता. आळशी मुलाला धडा शिकवायचा आणि हजेरी लावून घरी जायचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्या मोठ्यांसाठी. आम्ही त्या भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचल्या. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे मात्र आमचाच. सायकलवरून सुटलेल्या त्या फास्टर फेणेच्या मागे आम्हीही धापा टाकत धावलो. पण ती धाव झाली. पोटात खड्डा पडतो ती चीज वेगळी, आणि मला बोलायचंय ते तिच्याबद्दल.

ती मला पहिल्यांदा आजीने दिली. उन्हाळ्यात कोकणात गेलो की रात्री ओटीवर कंदील बारीक करून ती सुरू व्हायची. मुंजा, हडळ, खवीस, देवचार, ब्रह्मसमंध. प्रत्येकाचं राहण्याचं ठिकाण ठरलेलं आणि प्रत्येकाचा कायदाही ठरलेला. हाकामारी दारात येऊन आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, म्हणून तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही. चकवा लागला तर असशील तिथे बैस, उजाडेपर्यंत पाऊल उचलू नकोस. हे सांगताना आजी आडकित्त्याने सुपारी कातरत असायची. तो आवाज मध्येच थांबला की आम्ही पाचही भावंडं एकमेकांच्या अंगावर. तिच्या भुतांना नियम होते, म्हणून आम्ही घाबरून का होईना, पण झोपत होतो. नियम पाठ असलेलं मूल भुताशी निदान बोलणी तरी करू शकतं.

या नियमांचा राजा म्हणजे वेताळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

‘चांदोबा’ मराठीत 1952 साली सुरू झाला. आमच्या घरी तो यायला लागल्यावर पहिलं भांडण कशावरून व्हायचं, तर विक्रम-वेताळाचं पान आधी कोण उघडणार. शंकर या चित्रकाराने काढलेलं ते चित्र डोळे मिटले तरी दिसतं. झाडाच्या वेड्यावाकड्या फांद्या, पायाखाली कवट्या, राजाच्या खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार. दर महिन्याला तेच चित्र, दर महिन्याला तीच सुरुवात, आणि दर महिन्याला अंगावर तोच काटा.

आता त्यातली अट बघा. राजाने प्रेत उचलून गुपचूप चालायचं. बोलला की वेताळ परत झाडावर. पण वेताळ वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो आणि बजावतो की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोलावं तर खेप फुकट, न बोलावं तर डोकं जातंय. वर्गात बाईंनी प्रश्न विचारल्यावर, उत्तर येत असूनही हात वर करावा की नाही या पेचात बसलेल्या पोराला हा राजा किती जवळचा वाटत असेल!

लोक हा विक्रम उज्जैनचा धरून चालतात. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकात, हा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं नगर आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. आपलं पैठण! भिक्षू रोज एक फळ आणून देतो, राजा ते भांडाराकडे पाठवतो, आणि एके दिवशी माकडाने फळ फोडल्यावर आतून रत्न निघतं. रहस्यकथेची याहून चोख सुरुवात मला दाखवा. शेवटच्या कोड्यात बाप आणि लेक दोन बायकांच्या पाऊलखुणा बघून ठरवतात की मोठी पावलं बापाची बायको, लहान पावलं मुलाची. भेट झाल्यावर कळतं की मोठी पावलं मुलीची आणि लहान तिच्या आईची. लग्नं लागतात. आता त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सुचत नाही, म्हणून तो गप्प राहतो, आणि त्या खऱ्याखुऱ्या अज्ञानानेच वाचतो. वेताळच त्याला सांगतो की ज्याच्यासाठी तू हे प्रेत वाहतोयस, तुझा बळी द्यायला टपलाय तोच भिक्षू. ज्याला सबंध वाट घाबरलो, तो हितचिंतक निघाला, आणि गोड फळं देणारा खुनी. पोरांना जगाबद्दल एवढं खरं कोण सांगतं?

पण आमच्यात एक पंथ आहे. नावं घेत नाही, सभांना भेटतात. त्यांचं म्हणणं, मुलांना भुताच्या गोष्टी दिल्याने अंधश्रद्धा वाढते. द्यायच्याच तर शेवटी उलगडा करा. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी माझी एक गोष्ट अशाच एका संपादकांनी साभार परत केली. पडक्या वाड्यातल्या माडीवर पाळणा आपोआप हलतो, एवढीच ती गोष्ट. सोबत चिठ्ठी होती की शेवटी तो पाळणा धाकटा मामा दोरीने हलवत होता असं दाखवा. पैशाची नड होती. मी मामा घातला. छापून आल्यावर एका मुलाचं पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पाळणा छान होता. मामा तुम्ही नंतर घातला ना?’ चोरी पकडली गेली. वर, त्या गोष्टीने कुणाची अंधश्रद्धा कमी झाली असेल असंही नाही. मामा लोकांवरचा विश्वास तेवढा उडाला असेल.

रत्नाकर मतकरींना हे बरोबर कळलं होतं. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि पोरं खुर्चीत उभी राहून किंचाळायची, पुढच्या क्षणी हसायची, पुन्हा किंचाळायची. 2018 मध्ये वैभव मांगले त्या वेषात आले तेव्हा नातवाला घेऊन गेलो. पहिल्या प्रवेशाला तो माझ्या मांडीत शिरला आणि मध्यंतरात विचारतो कसा, ‘आता परत कधी येणार ती?’ माझी एकच तक्रार आहे. मतकरींनी एका हाताने बालनाट्यं लिहिली आणि दुसऱ्या हाताने मोठ्यांसाठी गूढकथा. ते दोन हात एकत्र आले असते तर! बंगालीत सत्यजित राय हे बिनदिक्कत करत. 1965 मध्ये ‘संदेश’ मासिकात त्यांचा फेलूदा आला, आणि मुलांसाठी भुताच्या गोष्टी लिहिण्यातही त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. फेलूदा अशोक जैनांनी मराठीत आणला, त्याचे उपकार. पण आपल्याकडच्या थोर लेखकाला मुलांसाठी भूत लिही म्हणा, तो दुखावतो.

आजचं काय सांगू? नातवाच्या कपाटात आर. एल. स्टाइनची ‘गूसबम्प्स’ आहेत, आणि ती वाईट नाहीत. पण त्यातलं भूत अमेरिकेतल्या तळघरात राहतं. आमच्या सोसायटीत तळघर म्हणजे पार्किंग. पिंपळ तोडला तेव्हा मुंजा कुठे गेला, हे विचारायलाही कुणी उरलेलं नाही. मराठी पुस्तकांच्या दुकानात वेताळ मागितला तर मोठ्या टायपातली, गुळगुळीत कागदाची, आठ-दहा गोष्टींची पुस्तकं पुढे येतात. त्यात वेताळ हसरा असतो, प्रेताचा उल्लेख नसतो, आणि ते पाऊलखुणांचं कोडं तर हमखास गाळलेलं.

म्हणून प्रकाशकांना एवढीच विनंती. पंचविसाच्या पंचवीस गोष्टी एकदा नीट, मुलांच्या मराठीत काढा. प्रेत प्रेतच राहू द्या. आणि शेवटच्या पानावर कुठे मामा दिसला, तर तो आधी काढा.