नगरसभेच्या दप्तरातले बॉक्सर

इंग्रज इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांचे नाव निघाले की आपल्याकडचे जाणकार पोर्तुगीज सागरी साम्राज्यावरचा १९६९चा जाडजूड ग्रंथ पुढे करतात आणि तिथेच थांबतात. ग्रंथ मोठा आहेच. पण परमुलखात येऊन घर थाटणारा, तिथल्याच मातीत पुरला जाणारा माणूस पाहायचा असेल, तर गोवा, मकाव, बाहिया आणि लुआंडा या शहरांच्या नगरसभांवरचे त्यांचे १९६५चे आटोपशीर पुस्तकच उघडावे लागते. बॉक्सर यांचे खरे कर्तृत्व मी त्यातच मानत आलो आहे.

चरित्र सर्वांना ठाऊक आहे: १९०४चा जन्म, सँडहर्स्ट, जपानमधले भाषाशिक्षण, १९४१मध्ये हाँगकाँग पडताना झालेली जखम, मग कैद. विद्यापीठाची पदवी नसलेला हा लष्करी अधिकारी १९४७मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात पोर्तुगीजचा प्राध्यापक झाला.

आता गोव्याकडे येऊ. गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कने १५१०नंतर आपल्या शिपायांना इथल्या स्त्रियांशी लग्ने करायला उत्तेजन दिले. त्यातून 'कझादो', म्हणजे संसार मांडून स्थायिक झालेल्यांचा वर्ग उभा राहिला, आणि लिस्बनच्या धर्तीवरची नगरसभा हा त्याचा आवाज झाला. ही सभा व्हाइसरॉयला ओलांडून थेट राजाला पत्रे धाडी. दप्तरांचे संपादक कुन्य रिव्हारा यांनी १८५७पासून नव्या गोव्यात (पणजीत) छापलेल्या कागदांचे पहिले दोन भाग राजाची शहराला आलेली पत्रे आणि शहराच्या सनदा यांचेच आहेत. व्हाइसरॉय सहसा तीन वर्षांनी बदलत. नगरसभा आणि 'मिझरिकॉर्दिया' हा धर्मादाय संघ या संस्था मात्र टिकून राहत. वसाहतीला सातत्य आले ते यांच्यामुळे, हे बॉक्सर यांनी चारही शहरांत दाखवले.

याच वाचनाच्या जोडीने त्यांची १९६३मध्ये छापलेली वंशसंबंधांवरची व्याख्याने पाहावीत. पोर्तुगीजांनी रंगभेद केला नाही, हा सालाझार राजवटीचा दावा त्यांनी कागद पुढे ठेवून खोडला. उदाहरणार्थ, गोव्यातल्या दिवाडीचे स्थानिक ख्रिस्ती मातेउश द कास्त्रु रोममध्ये १६३७ साली बिशप झाले, तरी गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही. या व्याख्यानांवरून लिस्बनच्या वृत्तपत्रांनी बॉक्सर यांच्यावर झोड उठवली. आमच्याकडचे काही लेखक त्यांचे नाव फक्त इन्क्विझिशनपुरते घेतात. दोन्ही बाजूंनी नगरसभेचे दप्तर मिटलेलेच ठेवले.

गोव्याचे इतिहाससंशोधक पिसुर्लेकर यांनी पणजीचे दप्तरखाने लावून दिले, 'पोर्तुगेज-मराठे संबंध' १९६७मध्ये मराठीत दिले. त्यानंतर पोर्तुगीज शिकून त्या कागदांत बसणारे मराठी अभ्यासक विरळ होत गेले, ही मला जाचणारी गोष्ट आहे. अनुवादाच्या अनुवादावर प्रबंध होतात. वसईवरचे आपले बहुतेक लेखन चिमाजी अप्पांच्या १७३९च्या विजयाशी सुरू होते आणि तिथेच संपते. १५३४पासून दोनशे वर्षे त्या कोटात नांदलेल्या घरांची भांडणे, लग्ने, त्यांचे कर आणि त्यांची कुळे यांवर मराठीत लिहायला पोर्तुगीज येणारे दोन-चार तरुण हवे आहेत, आणि त्यांना पणजीला बसवणारे एखादे विद्यापीठ.