ब्रेक पायाखाली थरथरला तर पाय उचलू नका! गाडीचं पॅडल काय सांगतंय, ते समजून घ्या

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि माझा पुतण्या रात्री कराड-चिपळूण रस्त्याने घरी येत होता. महिनाभरापूर्वीच त्याने जुन्या बाजारातून कार घेतली होती. त्याआधी सात-आठ वर्षं त्याचा हात जुन्या पिकअपवर बसलेला. पुढं उसाची ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी होती. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. याने होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक मारला. गाडीचा वेग उतरायला लागला आणि नेमकं त्याच वेळी पायाखालचं पॅडल गरगर थरथरायला लागलं, खालून खडखड आवाज आला. काहीतरी तुटलं असं समजून याने पाय उचलला. परत दाबेपर्यंत डावा दिवा आणि बॉनेट ट्रॉलीला भिडलं होतं. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब.

"काका, ब्रेकच तुटला बघा," हेच तो सकाळपर्यंत सांगत होता. चौकातल्या मेस्त्रीने गाडी वर घेतली, चारही चाकं बघितली आणि म्हणाला, "ब्रेकला काय धाड भरलेली नाही. एबीएस चालू झालं होतं ते. हा पाय काढला म्हणून धडकला."

मेस्त्रीचं हे वाक्य डोक्यात बसलं आणि म्हणून हा लेख लिहायला घेतला. आपल्या भागात जुनी ट्रक-पिकअप चालवलेले किती तरी ड्रायव्हर आता एबीएसच्या गाडीवर बसतायत. गाडी पायाला काय सांगते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

थरथर कशाची?

जोरात ब्रेक मारला की चाक जाम होतं. जाम झालेलं चाक रस्त्यावर घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच जाते. एबीएसचं काम एवढंच, की चाक जाम व्हायला लागलं की त्या चाकाच्या ब्रेकचं प्रेशर क्षणभर सोडायचं, परत धरायचं, परत सोडायचं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. सोड-धर एका सेकंदात कितीतरी वेळा होते, माणसाच्या पायाला कधी जमणार नाही इतक्या वेगाने. सोडलेलं ब्रेक ऑईल एक छोटा पंप परत मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. त्या ढकलण्याचे धक्के सरळ पॅडलवर येतात. पायाला जाणवते ती थरथर तीच, आणि खडखड आवाज पंपाचा आणि व्हॉल्व्हचा.

म्हणजे पॅडल थरथरलं याचा अर्थ ब्रेक पुरा लागलाय, रस्ता निसरडा आहे आणि यंत्र तुमच्यासाठी काम करतंय. अशा वेळी पाय तसाच घट्ट दाबून ठेवायचा आणि मोकळ्या बाजूला स्टिअरिंग फिरवायचं. जुन्या गाडीवर शिकलेले लोक ब्रेक 'पंप' करतात, म्हणजे दाब-सोड दाब-सोड. एबीएसच्या गाडीत हे करू नये. तुम्ही पाय सोडला की एबीएसही सुटतं. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. एक सेकंद पाय उचलला म्हणजे दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या लांबीएवढं अंतर गेलं समजा.

हा घोटाळा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत एबीएसच्या गाड्या वाढल्या तेव्हा तिथल्या ड्रायव्हरांनाही 'जोरात दाबा, दाबून ठेवा, स्टिअरिंग फिरवा' असं शिकवावं लागलं होतं. मर्सिडीज कंपनीच्या लोकांना वेगळंच दिसलं. घाबरलेला ड्रायव्हर पाय पटकन ब्रेकवर नेतो, पण पुरेसा जोर लावत नाही. म्हणून १९९६ मध्ये त्यांनी गाडीत अशी सोय आणली, की पॅडल झटक्यात दाबलं गेलं तर उरलेला जोर गाडीच लावेल.

आपल्याकडे २०१९ पासून नव्या कारना आणि १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. दुचाकीत एक फरक लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, तिथं थरथर हाताच्या लिव्हरला जाणवते. पायाच्या ब्रेकला ते नसतं, त्यामुळे मागचं चाक पूर्वीसारखंच जाम होऊन घसरू शकतं.

आणि एबीएस म्हणजे जादू नव्हे. सुट्या खडीवर, मुरमावर गाडी थांबायला एबीएसमुळे कधी कधी जास्तच अंतर लागतं. पाणंद रस्त्याने येताना पुढच्या गाडीत अंतर ठेवावंच लागणार. डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा गाडी चालू असताना कायम पेटून राहिला, तर साधा ब्रेक लागतो पण एबीएस बंद असतं. तो दिवा टेप लावून झाकलेली एक गाडी मी स्वतः बघितली आहे!

पायाने ओळखायची दुखणी

एबीएस नसलं तरी ब्रेकचं पॅडल बोलत असतंच. मेस्त्रीकडे जाऊन नुसतं "ब्रेक लागत नाही" म्हणण्यापेक्षा पायाला काय लागलं ते सांगितलं, तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

पॅडल स्पंजसारखं मऊ लागतंय, दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होतंय, तर पाइपात हवा शिरलेली असण्याची शक्यता जास्त. हवा दबते, ऑईल दबत नाही, एवढंच त्यामागचं कारण. पाय ठेवून दाबून धरलं आणि पॅडल हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठंतरी ऑईल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचं किट गेलंय. हलका ब्रेक मारतानाही दर वेळी पॅडल पायाला मागे ढकलत असेल, तर ते एबीएस नव्हे. डिस्क किंवा ड्रम सारखा झिजलेला नाही, त्याची ती लय असते. गाडीचा वेग कमी होईल तशी ती लयही मंदावते, त्यावरून ओळखायचं.

घाटात याच गोष्टी जिवावर बेततात. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-३ प्रकारचं नवं ऑईल कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ओल मुरली की तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. कुंभार्ली घाट उतरताना एकसारखा ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतो, जुनं ऑईल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पॅडल एकदम तळाला जातं. इंजिन ऑईल वेळेवर बदलणारे आपले लोक ब्रेक ऑईल मात्र गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, नेमकी मुदत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

दुसरी खोड डिझेल वाचवायची. उतार लागला की गिअर काढायचा आणि काही जण तर चावीच बंद करतात. कारच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद केल्यावर दोन-तीन वेळा पुरेल एवढाच व्हॅक्यूम त्यात उरतो. नंतर पॅडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक गेलेला नसतो, पण तो लावायला मग दोन्ही पायांचा जोर लागतो. बूस्टर चांगला आहे का ते घरच्या घरी बघता येतं. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा ब्रेक मारा, मग पॅडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल थोडंसं आत गेलं तर बूस्टर काम करतोय.

मोठ्या ट्रकचं वेगळं आहे. तिथं ब्रेक हवेवर लागतो आणि पायाखाली असतो तो फक्त व्हॉल्व्ह. टाकीत हवा भरपूर असो की संपत आलेली असो, पायाला फारसा फरक कळत नाही. म्हणून प्रेशरचा काटा आणि बझर दिलेला असतो. ट्रकलाही एबीएस असतं, पण त्याची अशी थरथर सहसा पॅडलवर येत नाही. ट्रकवरून कारवर आलेला ड्रायव्हर दचकतो तो यामुळेच.

ट्रॅक्टरची दोन पॅडल

आता आपल्या रोजच्या यंत्राकडे येऊ. ट्रॅक्टरला ब्रेकची पॅडल दोन असतात, एक डाव्या मोठ्या चाकाचं आणि एक उजव्या. रानात बांधाकडेला वळताना एकच दाबलं की ट्रॅक्टर जागेवर वळतो. पण रस्त्यावर येताना दोन्ही पॅडल जोडणारी खिट्टी लावलीच पाहिजे. नाही लावली आणि घाईत पाय एकाच पॅडलवर पडला, तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो. मागं भरलेली ट्रॉली असेल तर पुढं काय होतं ते सांगायला नको.

खिट्टी लावायच्या आधी दोन्ही पॅडल वेगवेगळी दाबून बघा. एक लवकर घट्ट लागतंय आणि दुसरं खोल जातंय, तर खिट्टी लावूनही ट्रॅक्टर एका बाजूला ओढणार. दोन्हीचा प्ले सारखा करून घ्यायला फार वेळ लागत नाही. रानात एकाच अंगाने जास्त वळणं घेतली जातात, त्यामुळे एका बाजूचे ब्रेक आधी झिजतात, हे माझ्याही ट्रॅक्टरला झालेलं आहे.

ड्युअल क्लचच्या ट्रॅक्टरवर तर पायाची ओळख आणखीच उपयोगाची. क्लच अर्धा दाबला की ट्रॅक्टर थांबतो, पण पीटीओ फिरत राहतो. तिथून पुढं पॅडल जड लागायला लागतं. तो जडपणा ओलांडून पूर्ण दाबलं की पीटीओही सुटतो. रोटाव्हेटर चालू असताना नवा पोरगा अर्ध्या क्लचवर थांबून "बंद केलंय" समजून खाली उतरायला बघतो. ट्रॅक्टर शिकवताना पोराला हा दुसरा टप्पा आधी इंजिन बंद ठेवून पायाने ओळखायला लावावा. आणि उतरताना पीटीओचा लिव्हर काढून, इंजिन बंद करूनच उतरावं.

मुद्दाम बोलणारी पॅडल

आतापर्यंतचं सगळं पॅडल आपोआप सांगत होतं. काही कंपन्यांनी मात्र पॅडलला मुद्दाम बोलायला लावलं आहे. निसान कंपनीने २००९ मध्ये एक अ‍ॅक्सिलरेटर बाजारात आणला. गरजेपेक्षा जास्त रेस दिली की तो पायाला उलटा ढकलतो. यातून ५ ते १० टक्के इंधन वाचू शकतं, असा कंपनीचा दावा होता. बॉश कंपनीनेही असंच पॅडल केलं, पुढं धोका असेल तर ते थरथरून इशाराही देऊ शकतं. ड्रायव्हरने ठरवलं तर तो जोर ओलांडून दाबता येतं, म्हणजे ताबा त्याच्याकडेच राहतो. मला यातलं डोकं आवडलं. डोळे रस्त्यावर असतात, कान हॉर्न आणि फोनने भरलेले. पाय मात्र पॅडलवर असतोच, त्याला सांगितलेलं लगेच पोचतं.

हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत उलटा प्रश्न आला. तिथं ब्रेक मारला की आधी मोटरच गाडीला धरते आणि बॅटरी चार्ज करते, खरा ब्रेक लागेल तसा नंतर. काही गाड्यांत पायाला लागणारा घट्टपणा खऱ्या ब्रेकचा नसतोच, स्प्रिंग बसवून तयार केलेला असतो. २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि इतर काही हायब्रीड मिळून जगभरातल्या चार लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हळू ब्रेक लावताना एबीएस चालू झालं की क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटतो, अशा तक्रारी होत्या. दुरुस्ती केली ती सॉफ्टवेअरमध्ये.

पुतण्याची गाडी दुरुस्त होऊन आल्यावर आम्ही दोघं पाऊस झालेल्या एका रिकाम्या मैदानावर गेलो. पुढं-मागं कुणी नाही बघून तीसच्या स्पीडला त्याला पूर्ण ब्रेक मारायला लावला. पहिल्यांदा थरथर सुरू झाली आणि सवयीने त्याचा पाय उचललाच. दुसऱ्यांदा अर्धा उचलला. "काका, लई विचित्र लागतंय हे," म्हणाला. तिसऱ्यांदा गाडी थांबेपर्यंत पाय खाली होता, आणि मधे ठेवलेलं रिकामं पोतं त्याने स्टिअरिंग वळवून चुकवलं. मग त्याने मला बसवलं. माझाही पाय पहिल्यांदा उचलला गेला.