राउटर लिफ्ट: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीत पोर्चमध्ये लाकूडकामाचं राउटर टेबल मांडणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘परदेशी लिफ्ट मागवा, कटकट मिटेल.’ ग्वाल्हेर असो की पुणे, अडचण एकच. लिफ्ट म्हणजे टेबलाखाली उलटा टांगलेला राउटर वर-खाली करणारी यंत्रणा. अमेरिकी लिफ्ट बऱ्याचदा पोर्टर-केबल 7518 सारख्या 4.2 इंची गोल मोटरसाठी बेतलेल्या असतात, आणि त्या मोटरी 120 व्होल्टच्या. आपल्याकडे 230 व्होल्टवर मिळणारे मोठे राउटर बहुतेक प्लंजचे, दोन दांड्यांवर सरकणारे. तेव्हा आधी राउटर ठरवा, मग लिफ्ट.

‘घरी करायची तर थ्रीडी प्रिंटरचा स्क्रू लावा, स्वस्त आणि अचूक.’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. 8 मिमी जाडीच्या या स्क्रूवर बहुधा चार आटे शेजारी-शेजारी गुंफलेले असतात. दोन आट्यांत अंतर 2 मिमी दिसतं, पण नट एका फेऱ्यात 8 मिमी सरकतो. इतक्या तीव्र चढावर तो आपणहून अडत नाही. राउटर थरथरू लागला की वजनाने इंचाइंचाने नाही, पण केसाकेसाने खाली उतरतो आणि फळीच्या एका टोकाला खाच खोल, दुसऱ्या टोकाला उथळ निघते. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला एम 12 चा साधा आटेवाला रॉड बरा. एका फेऱ्याला 1.75 मिमी, पाव फेऱ्याला 0.44, आणि सोडाल तिथे थांबतो. नटातल्या ढिलाईची धास्ती नको, कारण राउटरचं वजन नटाला एकाच बाजूला दाबून ठेवतं. उंची नेहमी वर चढवतच जुळवायची. जास्त झाली तर अर्धा फेरा खाली आणून पुन्हा चढवायची, मग लॉक आवळायचा.

गाडीच्या जुन्या सिझर जॅकनेही राउटर उचलला जातो. फक्त फेरे मोजून उंची ठरवता येत नाही: जॅक खाली असताना एका फेऱ्यात बराच चढतो, वर गेल्यावर जेमतेम. दरवेळी पट्टी लावायची तयारी असेल तर खुशाल वापरा. प्लंज राउटर कायम टेबलातच राहणार असेल आणि कंपनीच्या पुस्तिकेत मुभा असेल, तर स्प्रिंग काढा. उलट्या राउटरला ती खालीच ढकलते.

‘धूळ अडवायला टेबलाखालचा राउटरभोवतीचा डबा पक्का बंद करा’ हे अर्धंच खरं. मोटर थंड हवा ओढते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कोंडलेल्या डब्यात ती तापून बसेल. हवेसाठी भोकं हवीतच.

राहिली सुरक्षितता. लिफ्ट उंची सांभाळते, वेग नाही. 75 मिमी व्यासाचं बिट मिनिटाला 24,000 फेऱ्यांवर चालवलं तर त्याची कड ताशी जवळजवळ 340 किमी वेगाने फिरते. वेग कमी करायची सोय नसलेल्या राउटरला ते लावूच नये. आणि बिट बदलताना स्विच बंद करणं पुरत नाही, प्लग काढून हातात दिसला पाहिजे.