विश्लेषण : सात सेंटिमीटरच्या मोटारीसाठी रांग कशाला? नवी मुंबईतील ‘डायकास्ट’ संग्राहक नव्या गाड्यांवर खूश का आणि नाराज का?

खेळण्यातली मोटार आता मुलांच्या हाती लागण्याआधीच मोठ्यांच्या कपाटात जाते. नवी गाडी बाजारात आली की काही मिनिटांत संपते आणि तीच दुप्पट-तिप्पट किमतीला परत दिसते. हे गणित नेमके काय आहे?

सीवूड्स, वाशी किंवा खारघरच्या मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानात नवा खोका उघडणार, अशी खबर फुटली की शटर वर जाण्याआधीच काही जण दारात उभे असतात. त्यात शाळकरी मुले कमी आणि नोकरदार तरुण जास्त. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपवरही तेच. दूध-पावाच्या यादीत मोटार दिसली की ती टोपलीत टाकेपर्यंत ‘स्टॉक संपला’ अशी पाटी झळकते. अशा धातूच्या छोट्या मोटारींना ‘डायकास्ट’ म्हणतात. हॉट व्हील्स, मॅचबॉक्स, माजोरेट, टोमिका, मिनी जीटी ही त्यातली परिचित नावे.

छंदाची सुरुवात कशी झाली?

इंग्लंडमधील लेस्नी या कंपनीने १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ मालिका सुरू केली. कंपनीचे भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची परवानगी होती. त्यांनी तिच्यासाठी पितळेचा छोटा रोड रोलर बनवला आणि त्यातून ही कल्पना पुढे आली. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये १६ मोटारींसह ‘हॉट व्हील्स’ बाजारात आणली. चकचकीत रंग आणि कमी घर्षणाची चाके हे तिचे वैशिष्ट्य होते. जपानची टोमिका १९७० मध्ये आली. लेस्नीचे १९८२ मध्ये दिवाळे निघाले. पुढे हात बदलत मॅचबॉक्स १९९७ मध्ये मॅटेलकडेच आली. म्हणजे दुकानात शेजारी-शेजारी टांगलेले हे दोन ब्रँड आज एकाच घरचे आहेत.

मुंबईचा यात काय संबंध?

ब्रिटनच्या डिंकी टॉइजचे जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आले आणि त्यातून ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी निघाल्या. त्यानंतर व्हीआयपी सुटकेस बनवणाऱ्या मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने ‘लिओ’ या नावाने खेळणी आणली आणि मॅटेलशी करार करून हॉट व्हील्स भारतात तयार केल्या. १९८०-९० च्या दशकांत अनेक मराठी घरांत वाढदिवसाला आलेली पहिली धातूची मोटार ही लिओची होती. या भारतीय गाड्यांचे रंग आणि स्टिकर अमेरिकी गाड्यांपेक्षा वेगळे असत. त्यामुळे आज परदेशातील संग्राहक त्या शोधत असतात. आपल्याकडे मात्र त्यातल्या बहुतेक अंगणात झिजल्या किंवा भंगारात गेल्या.

१:६४ म्हणजे किती?

खरी मोटार साडेचार मीटर लांब असेल, तर तिला ६४ ने भागल्यावर सुमारे सात सेंटिमीटर उरतात. हेच प्रमाण १:४३ असेल तर साधारण साडेदहा सेंटिमीटर आणि १:१८ असेल तर २५ सेंटिमीटर. सिडकोच्या वन बीएचकेमध्ये १:१८ च्या ५० गाड्या ठेवायच्या तर एक भिंत द्यावी लागेल, १:६४ च्या ५० गाड्या एका फळीवर मावतात. या आकाराच्या लोकप्रियतेमागे किमतीइतकेच जागेचेही कारण आहे. अर्थात हॉट व्हील्सच्या साध्या मालिकेत हे प्रमाण काटेकोर नसते. सगळ्या गाड्या एकाच पाकिटात बसवायच्या असल्याने ट्रक आणि हॅचबॅक जवळपास सारख्याच लांबीचे दिसतात. मिनी जीटीसारख्या महाग गाड्यांत मात्र प्रमाण नेमके पाळले जाते. त्यांची काही मॉडेल उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या रूपातही मिळतात.

नवी गाडी हाती येताच काय पाहतात?

पहिला प्रश्न असतो साच्याचा. साचा नवा असेल तर उत्साह, जुन्याच साच्याला नवा रंग असेल तर त्याला ‘रिकलर’ म्हणून बाजूला सारले जाते. हॉट व्हील्सच्या साध्या मालिकेत वर्षाला २५० क्रमांक असतात. त्यातले नवे साचे मोजकेच, बाकी रंगबदल असतो. दुसरा प्रश्न असतो तळाचा, म्हणजे तो धातूचा आहे की प्लॅस्टिकचा. तळ धातूचा असेल तर गाडी हातात जड लागते. तिसरा प्रश्न चाकांचा. साध्या गाड्यांना प्लॅस्टिकची चाके असतात, महाग मालिकांत रबरी टायर येतात. शेवटी नजर जाते पुढच्या दिव्यांकडे.

नाराजी नेमकी कशावर?

‘दिवेच रंगवलेले नाहीत’ ही संग्राहकांची सर्वांत जुनी तक्रार. त्यामागे उत्पादनखर्च आहे. जस्ताचा मिश्रधातू सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळवून दाबाने पोलादी साच्यात सोडतात, हे झाले डायकास्टिंग. त्यानंतर रंग आणि मग ‘टॅम्पो’ छपाई. यात सिलिकॉनची मऊ गादी शाई उचलून गाडीवर उमटवते. प्रत्येक रंगासाठी आणि गाडीच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळा ठसा लागतो. दोन्ही कुशींवर नक्षी छापली की स्वस्त गाडीचा छपाईचा हिशेब संपतो आणि पुढचे-मागचे दिवे कोरेच राहतात. तीच गाडी महाग मालिकेत आली की दिवे, बोधचिन्ह, नंबरप्लेट सगळे येते. एकच गाडी दोनदा विकत घ्यायला लावतात, असे नाराज संग्राहक म्हणतात ते यामुळेच.

दुसरी तक्रार ‘फँटसी’ गाड्यांची. रस्त्यावर कधी न धावलेल्या डायनासोरच्या किंवा शार्कच्या आकाराच्या गाड्या मोठ्यांना नको असतात. मुलांना मात्र त्याच आवडतात आणि ही मालिका मुळात त्यांच्यासाठीच आहे. तिसरी तक्रार मालाच्या वाटपाची. खोका दुकानात पोहोचण्याआधीच त्यातल्या चांगल्या गाड्या कुणीतरी काढून घेतो आणि खुंटीवर उरलेल्याच टांगल्या जातात, असा अनुभव अनेक जण सांगतात.

‘ट्रेझर हंट’ आणि ‘चेस’ म्हणजे काय?

मॅटेलने १९९५ मध्ये १२ मोटारींची ‘ट्रेझर हंट’ मालिका काढली. प्रत्येक मोटारीच्या फक्त १० हजार प्रती होत्या. २००७ पासून त्यात साधी आणि ‘सुपर’ अशी विभागणी झाली. सुपर गाडीला खास चमकदार रंग आणि रबरी टायर असतात. ती वेगळ्या पाकिटात येत नाही, साध्या गाड्यांतच मिसळलेली असते. इतर कंपन्यांत अशा कमी संख्येतील गाडीला ‘चेस’ म्हणतात. साध्या गाडीच्या किमतीत ती मिळू शकते, या आशेवर लोक खोका उघडला जाईपर्यंत थांबतात. थोडक्यात, दुकानातील गर्दीमागे लॉटरीचेच मानसशास्त्र आहे.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात का?

दुकानदाराला नाही. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार बंद पाकिटातील वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही. आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि किंमत छापणे बंधनकारक आहे. समजा, गाडीवर १७९ रुपये छापले आहेत आणि ‘मागणी आहे’ म्हणून ५०० मागितले, तर वरच्या ३२१ रुपयांना कायद्याचा आधार नाही. किमतीवर स्टिकर चिकटवला असेल तर खालचा आकडा पाहावा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा राज्याच्या वैधमापन यंत्रणेकडे करता येते. बिल मात्र हवे.

संग्राहकांच्या आपसांतील खरेदी-विक्रीत हा मुद्दा धूसर होतो. दुकानातून २० गाड्या उचलून चढ्या दराने विकणाऱ्यांना ‘स्कॅल्पर’ म्हणतात. त्यांचा राग सगळ्यांनाच येतो, पण अप्राप्य गाडी दिसली की पैसेही त्यांनाच दिले जातात. खरा धोका ‘प्री-ऑर्डर’चा आहे. सहा महिन्यांनी येणाऱ्या गाडीसाठी ओळखदेख नसलेल्या व्यक्तीला यूपीआयवर आगाऊ रक्कम दिली आणि तिने फोन बंद केला, तर हाती फक्त स्क्रीनशॉट उरतो. अशा वेळी वाट न पाहता सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी.

गाड्या महाग का झाल्या?

केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्के केले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ७० टक्क्यांवर नेले. व्यापार करार असलेल्या देशांसाठी दर वेगळे असू शकतात. शिवाय खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि त्यासाठी परदेशातील कारखान्यालाही परवाना घ्यावा लागतो. न्हावा-शेवा बंदर उरणला, म्हणजे नवी मुंबईच्या दारातच आहे. पण बंदर जवळ आहे म्हणून इथल्या दुकानात माल आधी येत नाही. कंटेनर आयातदाराच्या गोदामात जातो, तिथून घाऊक बाजारात आणि मग दुकानात.

गुंतवणूक म्हणून घ्याव्यात का?

या प्रश्नाला नेहमी एका गुलाबी गाडीचे उदाहरण दिले जाते. १९६९ ची ‘फोक्सवॅगन बीच बॉम्ब’ ही हॉट व्हील्सची चाचणीसाठी बनवलेली गाडी. तिची किंमत सुमारे दीड लाख डॉलर मानली जाते. पण ती संग्रहासाठी बनलीच नव्हती. रुळावर ती कलंडत होती, म्हणून कंपनीने आराखडा बदलला आणि मोजके नमुने मागे राहिले. तिची दुर्मिळता अपघाताने आली. उलट, आज लाखोंच्या संख्येने निघणाऱ्या गाड्या हजारो लोक पाकीट न फोडता जपून ठेवत आहेत. सगळ्यांनीच जपलेली वस्तू २० वर्षांनी दुर्मिळ कशी ठरणार? शिवाय कागदावरची किंमत आणि प्रत्यक्ष गिऱ्हाईक यांत अंतर असते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर संग्रह वाढवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

खाडीकाठच्या हवेत गाड्या टिकतात का?

टिकतात, पण काळजी घ्यावी लागते. डायकास्टमधील ‘झमॅक’ हा जस्त, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांचा मिश्रधातू. त्यात शिशाचा अंश मिसळला गेला असेल तर दमट, उष्ण हवेत धातू आतून फुगतो, तडे जातात आणि शेवटी भुगा होतो. याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात आणि त्यावर इलाज नाही. आताचे मिश्रधातू शुद्ध असल्याने हा धोका कमी झाला आहे, जुन्या गाड्यांना तो जास्त. पावसाळ्यात मात्र सर्वच पाकिटांचे पुठ्ठे मऊ पडून वाकतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळावे, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात आणि थेट ऊन लागू देऊ नये. उन्हाने पारदर्शक प्लॅस्टिक पिवळे पडते. रबरी टायरच्या गाड्या वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या तळावर ठेवल्या तर टायर त्याला चिकटतात, म्हणून मध्ये कागद घालावा.

मग संग्राहकांना हवे तरी काय?

या प्रश्नावर बहुतेकांचे उत्तर एकच : आपल्या रस्त्यावरच्या गाड्या. स्कायलाइन आणि पोर्शे दर महिन्याला नव्या रंगात येतात, पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी १:६४ मध्ये सहज मिळत नाही. युरोपात निघालेल्या जगभरच्या टॅक्सींच्या मालिकेत ती १:४३ मध्ये होती. सेंटीसारख्या भारतीय कंपनीची अ‍ॅम्बेसेडर आणि रिक्षा प्लॅस्टिकची असूनही गंभीर संग्राहकांच्या फळीवर दिसते, ते याच ओढीमुळे. बेस्टच्या डिझेलवरील लाल डबलडेकरने १५ सप्टेंबर २०२३ रोजी निरोप घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सीचीही वयोमर्यादा संपली. ज्यांनी त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवरून व्हीटी ते दादर प्रवास केला, त्यांच्या मुलांनी ती पाहिलेलीही नसेल. ती गाडी सात सेंटिमीटरमध्ये, पिवळ्या टपासह आणि दिवे रंगवून मिळाली, तर रिकलर असूनही कुणी तक्रार करणार नाही.