कृषी संशोधकाची परदेशी निघालेली बॅग

बंगळूरच्या दक्षिण भागातील जयनगर ही 1948 साली पायाभरणी झालेली आखीव वसाहत. येथील चौथ्या ब्लॉकच्या बाजारात परदेशी निघालेल्यांची खरेदी सहज ओळखू येते. चटणीपूड, लोणचे, साजूक तूप, धारवाडी पेढे आणि शेवटच्या दिवशी घेतलेली कडीपत्त्याची ताजी जुडी. सामान्य प्रवाशाला चिंता असते ती बॅगेच्या वजनाची. परिषदेसाठी, प्रशिक्षणासाठी वा मुलांकडे निघालेल्या कृषी संशोधकाने मात्र बॅगेत काय आहे याची चिंता अधिक करावयास हवी. त्याचे बूट प्रक्षेत्रावर वावरलेले असतात आणि बियाणे पाहिले की त्याचा हात आपोआप पुढे होतो.

कडीपत्त्याचेच पाहू. ही वनस्पती लिंबूवर्गीय कुळातील असून सायला या किडीचे आवडते खाद्य आहे. हीच कीड संत्रा-मोसंबीवरील ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते. त्यामुळे ताजा कडीपत्ता अमेरिकेत नेता येत नाही. युरोपीय संघात 14 डिसेंबर 2019 पासून प्रवाशाजवळची ताजी फळे, भाज्या, रोपे व बियाणे यांना फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आवश्यक आहे. अननस, नारळ, केळी, खजूर व ड्युरियन ही पाच फळेच त्यातून वगळलेली आहेत. संघाबाहेरील मांस व दुग्धजन्य पदार्थही प्रवाशाला सोबत नेता येत नाहीत; म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवलेले बरे. हे नियम जाचक वाटतात खरे, परंतु 1 मे 2014 रोजी युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तेव्हा खेपांमध्ये आढळलेली फळमाशी हेच मुख्य कारण होते. 2015 च्या प्रारंभी ती बंदी उठली. तोवर कोकणातील हापूस उत्पादकांना तिची झळ सोसावी लागली होती.

ऑस्ट्रेलियाच्या आगमनपत्रात गेल्या 30 दिवसांत परदेशातील शेत वा पाळीव जनावरांशी संपर्क आला होता काय, असा थेट प्रश्न असतो. प्रक्षेत्रावर काम करणाऱ्याचे उत्तर अर्थातच ‘होय’ असणार, आणि ते तसेच लिहावे. तो देश लाळ्या-खुरकूत रोगापासून मुक्त आहे व या रोगाचे विषाणू बुटांना चिकटलेल्या मातीतून जाऊ शकतात. दौऱ्यासाठी शक्यतो वेगळे बूट ठेवावेत. नसल्यास तळव्याच्या खाचांतील माती ब्रशने काढून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच ते बॅगेत ठेवावेत. न्यूझीलंडमध्ये बॅगेत विसरलेल्या एका सफरचंदासाठीही 400 न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. घोषित केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपविलेली वा विसरलेली वस्तू दंडास कारण होते. शंका असेल तेथे घोषणा करावी, एवढे सूत्र बहुतेक विमानतळांवर पुरते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. शेंजेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो करावाच लागतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र व यजमान संस्थेचे निमंत्रण यांतील तारखा जुळतात की नाही, हे एकदा पडताळून पाहावे.

खरी कसोटी असते ती नमुन्यांची. जयनगरलगतच्या लालबागेत देशोदेशींचे वृक्ष उभे आहेत. बडोद्याहून 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल यांनी त्यांत मोठी भर घातली. तो काळ निराळा होता. आज भारतातील जैविक साहित्य संशोधनासाठी परदेशी संस्थेस देताना जैवविविधता कायदा, 2002 लागू होतो व सामान्यतः चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. परिषदेत भेटलेल्या सहकाऱ्याला मैत्रीखातर दिलेली बियाण्यांची पुडीही यात मोडते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही.

परतीच्या वाटेवर मोह अधिक असतो. परदेशी बाजारातील रंगीबेरंगी बियाण्यांची पाकिटे स्वस्त असतात आणि खिशात मावतात. परंतु वनस्पती संगरोध आदेश, 2003 नुसार बियाण्यांसाठी आयात परवाना व निर्यातदार देशाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे; संशोधनासाठीच्या जननद्रव्याचा परवाना दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो देतो. परदेशी मातीचा नमुनाही परवानगीवाचून आणता येत नाही. अलीकडच्या काळात आलेल्या पाहुण्यांची यादी पुरेशी बोलकी आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूर येथे, टोमॅटोवरील टूटा नागअळी 2014 मध्ये पुणे परिसरात, तर मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली.

यांपैकी पिठ्या ढेकणाची पुढील हकीकत बंगळूरशीच निगडित आहे. जयनगरहून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाताना वाटेत हेब्बाळ लागते. तेथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने (त्या वेळी नाव वेगळे होते) 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन परोपजीवी कीटक रीतसर परवान्याने आणविले. आधी संगरोध कक्षात ते पिठ्या ढेकणाखेरीज अन्य उपयुक्त कीटकांना अपाय करीत नाहीत ना, याची तपासणी झाली. मगच ते शेतांत सोडण्यात आले. त्यांपैकी अ‍ॅसेरोफेगस पपायी हा चिमुकला कीटक असा रुजला, की पपई व तुतीच्या बागा औषध फवारणीविना सावरल्या. तोही परदेशी कीटकच होता. मात्र तो आला कागदपत्रांसह, कोणाच्या हातबॅगेतून नव्हे.