मायाभूमीच्या वाटेवर (लेखांक ६) : तिकालच्या पुढे २३ किलोमीटर

ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेन प्रांतात तिकाल पाहायला येणाऱ्या बऱ्याच जणांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे राजधानीहून विमान, फ्लोरेसजवळ उतरून व्हॅन, दुपारपर्यंत मोठा चौक आणि त्याच्या दोन टोकांची मंदिरं, मग लाकडी जिन्याने चौथ्या मंदिरावर चढून जंगलाच्या माथ्यावर एक नजर, जेवण, आणि परतीचं विमान. तिकाल पाहून होतं, त्यात खोटं काही नाही. पण त्या दिवसाचा खर्च गेला कुठे याचा हिशेब मांडायला बसलं, तर विमान कंपनी, राजधानीतला एजंट, उद्यानाचं तिकीट आणि एखादं उपाहारगृह एवढ्यात तो संपतो. तिकालमधूनच उत्तरेला जंगलात शिरणारा कच्चा रस्ता २३ किलोमीटरवर वाशाक्तून या गावी जातो. तिथवर त्यातलं फारसं काही पोचत नाही.

गेल्या आठवड्यात आपण चिचेन इत्झाची गर्दी पाहिली. या वेळी मुद्दाम या गावाकडे वळू, कारण ‘छोट्या गटाने, जबाबदारीने केलेला प्रवास’ या शब्दांना खरंच काही अर्थ आहे का, हे इथे तपासून बघता येतं.

वाशाक्तून एका जुन्या धावपट्टीच्या दोन्ही अंगांना वसलं आहे. विमानं येईनाशी झाल्यापासून तिथे गवत माजलंय, घोडी चरतात, पोरं फुटबॉल खेळतात. एके काळी इथून विमानात चढायचा तो चिकूच्या झाडाचा चीक. घोलवड-डहाणूच्या वाड्यांतला चिकू तो हाच, आणि त्याचं मूळ घर याच मुलखात आहे. आपल्याला त्याचं फळ ठाऊक. इथल्या लोकांनी त्याच्या चिकावर पोट भरलं, कारण अमेरिकेतलं च्युइंग गम त्यापासून बनायचं. पावसाळ्यात चीक काढणारे चिक्लेरो दोराच्या आधाराने खोडावर चढत, कोयत्याने नागमोडी खाचा पाडत, खाली पिशवीत उतरलेला चीक कढईत आटवून त्याच्या वड्या पाडत. झाडांच्या शोधात जंगल पायाखाली घातलेली ही माणसं. पुरातत्त्वज्ञांनी ‘शोधलेल्या’ कितीतरी नगरांपर्यंत त्यांना नेलं ते या चिक्लेरोंनीच. तिकालच्या मंदिरांच्या दारांवरच्या कोरीव तुळयाही चिकूच्याच लाकडाच्या. बाराशे वर्षं त्या टिकल्या. चौथ्या मंदिरातल्या सर्वात देखण्या तुळया मात्र बघायच्या तर स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संग्रहालयात जावं लागतं, एकोणिसाव्या शतकात त्या काढून तिकडे नेल्या गेल्या.

१९१६ साली पुरातत्त्वज्ञ सिल्व्हेनस मोर्ली इथल्या माया अवशेषांपर्यंत पोचले आणि १९२६ ते १९३७ या काळात कार्नेगी संस्थेने उत्खनन केलं. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना, घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, हे अवशेष आहेत. त्यातला ‘ई’ गट नीट बघावा. चारी बाजूंनी पायऱ्या असलेला एक बुटका पिरॅमिड, पायऱ्यांच्या कडेला चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले मोठमोठे मुखवटे, आता झिजून गेलेले. समोर पूर्वेला एका लांब जोत्यावर ओळीने तीन छोटी देवळं. पिरॅमिडवरून पाहिलं तर जूनमध्ये सूर्य उत्तरेच्या देवळाच्या बाजूला उगवतो, डिसेंबरात दक्षिणेच्या, आणि मार्च-सप्टेंबरच्या संपातांना मधल्या देवळामागून. १९२४ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्रान्स ब्लोम यांनी ही मांडणी ओळखली. ती किती काटेकोर होती याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण पुढे तशीच रचना डझनावारी ठिकाणी सापडली आणि सगळीकडे तिला ‘ई गट’ हेच नाव पडलं. तिकालइतकी उंची इथे नाही, पण गर्दीही नाही.

गाव टिकलं कसं, हा भाग मला अवशेषांहून महत्त्वाचा वाटतो. कृत्रिम गम आल्यावर चिकाचा धंदा बसला. लोक जंगलातल्या इतर मालाकडे वळले. शाते नावाच्या छोट्या ताडाची पानं, ऑलस्पाइसची फळं, महोगनीचं लाकूड. १९९० साली सरकारने सुमारे २१ लाख हेक्टरांचं माया बायोस्फिअर राखीव क्षेत्र जाहीर केलं, तेव्हा या लोकांचं काय करायचं असा प्रश्न उभा राहिला. संघर्ष झाला, आणि त्यातून गावांच्या संस्थांना २५ वर्षांच्या कराराने जंगल सांभाळायला द्यायची पद्धत आली. वाशाक्तूनच्या वाट्याला ८३ हजार हेक्टरांच्या आसपास जंगल आलं. झाडं तोडायची ती आखलेल्या तुकड्यात, मोजून, आणि बाहेरच्या तपासणीला उघडी ठेवून. आपल्याकडे गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने बांबूवर हक्क मिळवला, त्या जातीचीच ही गोष्ट, फक्त आकार अवाढव्य.

निकाल नकाशावर दिसतो. राखीव क्षेत्राच्या पश्चिमेला लागुना देल तिग्रे आणि सिएरा देल लाकांदोन ही कागदावर कडक संरक्षण असलेली राष्ट्रीय उद्यानं आहेत. गुरांच्या कुरणांसाठी, त्यामागच्या काळ्या पैशासाठी, तिथलं जंगल वर्षानुवर्षं जळत आलं आहे. नांदत्या गावांच्या ताब्यातलं जंगल मात्र जवळजवळ शाबूत आहे.

म्हणून इथे येणारा पाहुणा कुठे झोपतो आणि कोणाबरोबर फिरतो याला किंमत आहे. जंगल उभं ठेवून चार पैसे मिळतात, एवढंच गावाला पुनःपुन्हा सिद्ध करावं लागतं. लाकूड आणि शाते त्यातला मोठा वाटा उचलतात, पर्यटन अजून लहान भावाच्या जागी आहे. सहा-आठ जणांचा गट गावातल्या साध्या खोल्यांत मावतो, गावातलाच वाटाड्या घेतो, एका घरच्या चुलीवर जेवतो. चाळीस जणांची बस आली तर यातलं काहीच जमत नाही. गट छोटा असण्यात पुण्य नाही, सोय आहे. सहा जण आले, दोन तास फोटो काढले आणि फ्लोरेसच्या हॉटेलात परतले, तर त्यांची बसवाल्यांहून वेगळी प्रतवारी करण्याचं कारण मला दिसत नाही.

इथे आपल्या मराठी सहलींबद्दल एक बोलायलाच हवं. सोबत महाराज घेऊन जायचं, सकाळी पोहे, रात्री वरणभात, ही आपली आवडती व्यवस्था. वयस्कर मंडळींसाठी ती सोयीची आहे, मान्य. पण तिच्यामुळे यजमानाची चूल पेटतच नाही. शाकाहारी माणसाचे पेतेनमध्ये हाल होतात हेही फारसं खरं नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवून धुतलेला मका वाटून तव्यावर टाकलेल्या तोर्तिया, काळा घेवडा, अंडी, भोपळा, पपई हा तिथला रोजचा स्वयंपाक. घेवड्यात डुकराची चरबी घालतात का, एवढं आधी विचारून ठेवावं. आदल्या दिवशी कळवलं की वगळता येते. पेतेनच्या गावांतले बायकांचे गट रामोन झाडाच्या बियांचं पीठ करतात, त्याची बिस्किटं मागून खावीत. चिवड्याचा डबा बॅगेत राहू द्या, कोणी हरकत घेणार नाही.

आता थोडं अवघड. ‘प्राचीन मायांचे वंशज’ भेटतील या अपेक्षेने वाशाक्तूनला गेलात तर गोंधळाल. इथली बरीच घरं मेक्सिको, बेलीझ आणि ग्वाटेमालाच्या इतर भागांतून आलेल्या चिक्लेरोंची. काही कुटुंबं केक्ची माया. मोबाइल हातात असलेल्या पोराने पिसांचा मुकुट घालून नाचावं अशी मागणी करणारे गट असतात, आणि ती पुरवणारे एजंटही. ग्वाटेमालात माया धर्म जिवंत आहे, पण तो मागणीवर दाखवायचा खेळ नाही. तिकालच्या मोठ्या चौकात अग्निकुंड आहे. २६० दिवसांचं पंचांग सांभाळणारे पुरोहित तिथे कोपाल धूप, रंगीत मेणबत्त्या आणि साखर वाहून विधी करतात. आपल्या देवळात होम चालू असताना परक्याने मध्ये घुसून कॅमेरा रोखला तर जे वाटेल, तेच त्यांना वाटतं. विचारावं, नाही म्हणाले तर बाजूला व्हावं. जुनं भांडं किंवा मूर्ती कोणी विकायला आणली तर हातही लावू नये. ती नकली असली तर फसगत, खरी असली तर गुन्हा.

पर्यटन म्हणजे गावाचं भलं, असं समीकरणही मांडू नये. २०१९ साली अमेरिकी सिनेटमध्ये याच जंगलातल्या मिरादोर खोऱ्याच्या संरक्षणासाठी आणि पर्यटनासाठी मोठा निधी देणारं विधेयक आलं. जंगल राखणाऱ्या गावांच्या संघटनेने त्याला विरोध केला. त्यांची भीती सरळ होती. लाकूडतोड थांबवून उद्यान केलं, की जंगलावरचा आपला हक्क जाईल आणि आपल्या हाती वाटाड्याची नोकरी उरेल. ते विधेयक कायदा झालं नाही.

तेव्हा सहलीचे पैसे भरण्याआधी कंपनीला फोन करून विचारा. मुक्काम कोणत्या गावात आणि कोणाच्या खोल्यांत? वाटाड्या कुठला, त्याला रोज किती देता? जेवण कोण रांधणार? पावसाळ्यात त्या रस्त्याचा चिखल होतो, तेव्हा पर्यायी बेत काय? ज्यांना याची उत्तरं देता येत नाहीत, त्यांच्याबरोबर तिकाल खुशाल बघा. ‘जबाबदार पर्यटन’ म्हणून जादा पैसे मात्र देऊ नका.